ज्याला बोलता येईल असा ठेकेदार

बाबा,

आज रविवार, १४ डिसेंबर. सकाळच्या एसटीने गावाला गेले. खडीची गाडी आली, जोत्यापर्यंत गेली, रिकामी झाली आणि परत गेली. दुपारी शहापूरला आले. भात लावला, आईला वाढलं. ती आता आतल्या खोलीत झोपली आहे आणि मी स्वयंपाकघरात स्टूल घेऊन बसले आहे. ओट्यावर एक नारळ आहे. त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

गाडी जोत्यापर्यंत गेली, हे लिहायला सोपं आहे. ती जाईल की वाटेत अडवली जाईल, या एका विचारात माझा दीड महिना गेला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना नळ्या काढून देतानाही डोक्यात तेच असायचं. तुम्हाला आधी काही गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपलं घर आता नाही. तुमच्यामागे आई बरीच वर्षं तिथे एकटी राहिली. मग तिचे गुडघे गेले, तेव्हा मी तिला इथे माझ्याकडे आणलं. मी लग्न केलं नाही. भाड्याच्या दोन खोल्या आहेत, दुसऱ्या मजल्यावर. बंद घर पावसाने बसलं. चांगले वासे होते ते कुणी ना कुणी नेले, मी विचारलं नाही. उरलं ते जोतं. त्या जोत्यावर दादा दरवर्षी भाताचा पेंढा रचतो.

दादा म्हणजे काकांचा मुलगा. तुमच्या वेळी तो काकांच्या हाताखाली गवंडीकाम शिकत होता. आता ठेकेदार आहे. मुरबाडच्या बाजूला बरीच घरं बांधली त्याने, हाताखाली माणसं आहेत. तुम्ही गेलात तेव्हा मडकं त्याच्या खांद्यावर होतं. मला भाऊ नाही, म्हणून तुम्हाला पाणी त्याने पाजलं, अग्नी त्याने दिला. बायका वेशीपर्यंत आल्या आणि तिथून मागे फिरल्या, त्यात मीही होते. तेव्हापासून दर भाऊबीजेला तो माझ्याकडे येतो. मी ओवाळते, तो ताटात साडी ठेवतो, जेवतो आणि शेवटची एसटी चुकेल म्हणत निघतो. माझ्या वर्षातला तो एकच दिवस असा असतो, की शेजारच्या बायका विचारतात, आज कोण आलंय, आणि मी सांगते, माझा भाऊ.

आईला गावात मरायचं आहे. हे ती रोज वेगवेगळ्या शब्दांत सांगते. "हितून मला जिन्यावरनं आडवी करून नेतील, कपाट नेल्यागत," असं म्हणते. "माज्या जोत्यावरनं नेवा. सरल नेवा." तिचं म्हणणं मला चूक वाटलं नाही. म्हणून घर बांधायला काढलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी, वर स्लॅब. काम दादाच करणार, हे मी काही बोलायच्या आधीच सगळ्यांनी धरलं होतं. मीही धरलं होतं. शिवाय रस्त्यापासून आपल्या जोत्याकडे जायला एकच वाट आहे आणि ती दादाच्या खळ्यातून जाते. तुमच्या आणि काकांच्या वेळी ते खळं दोघांचं होतं. आता तसं नाही.

पण श्रावणात मी त्याने बांधलेलं एक घर बघायला गेले. मुद्दाम पाऊस बघून गेले. ते त्याच्या मेव्हणीचं घर. ती चांगली बाई आहे. मला बघून तिला आनंद झाला. "ये गो बाय, बस. तितं नको, हिकडं बस, तितं टोप हाय." खाटेच्या बाजूला खरंच एक टोप होता आणि त्यात वरून पाणी पडत होतं. पलीकडच्या कोपऱ्यात बादली होती. मी वर बघितलं. स्लॅबवर ओल धरून काळा डाग पसरला होता. मी विचारलं, "दादाला सांगितलं नाहीत?" ती हसली. "काय सांगू? आमचाच हाय तो. माज्या भनीचा नवरा. मी हितं बोललू नि त्याचा राग तिकडं भनीवर निगाला, मग? पान्याचं काय, येतं चार महिनं नि जातं." मग तिने चहा केला. चहा पिईपर्यंत आम्ही दोघी त्या टोपाचा आवाज ऐकत होतो आणि दोघीही दुसऱ्याच विषयावर बोलत होतो.

नंतर वाशिंदला गेले. आमच्या कॉलेजमधल्या एकांनी तिथला एक ठेकेदार सांगितला होता. तो काही साधुसंत नाही. बोलतो फार. "मॅडम, टाइमात देतो, टेन्शन नको," हे त्याने मला पाच मिनिटांत तीनदा सांगितलं, तेव्हा मला टेन्शन आलं. त्याने बांधलेलं घर दाखवलं ते कंपनीत कामाला जाणाऱ्या एका माणसाचं. घर कोरडं होतं. मी जिना बघत उभी राहिले, तर तो माणूस म्हणाला, "हा दुसरा जिना. पहिला तोडला." का, विचारलं. "पायऱ्या उंच-सखल. आमची म्हातारी दोनदा पडता पडता राहिली. मी त्याला बोलावलं, तर साहेब फोनच उचलेनात. मग ऑफिसात जाऊन बसलो. शिव्या घातल्या." मी विचारलं, "कुणी कुणाला?" तो म्हणाला, "दोघांनी. मी पहिल्या. मग दुसऱ्या आठवड्यात आला नि तोडून नवा घातला. आता रस्त्यात भेटला तर चहा पाजतो." त्या जिन्यावर मी एकदा वर गेले, एकदा खाली आले. परत येताना गाडीत मला तुमची आठवण झाली, ती शाळेच्या ब्लाउजची.

तुमच्या लक्षात नसेल. मी पाचवीत होते. शाळेचा पांढरा ब्लाउज आईने तिच्या मावसबहिणीकडे शिवायला दिला होता, कारण नात्यातली, कारण तिला राग येईल. उजवी बाही इतकी घट्ट झाली की हात वर होईना. वर्गात उत्तर येत असून मी हात वर केला नाही. घरी येऊन रडले, तर आई म्हणाली, चूप, तिच्या कानावर जाईल. तुम्ही ड्युटीवरून येऊन खाकी शर्ट खुंटीला लावत होतात. तुम्ही सगळं ऐकलंत आणि एवढंच म्हणालात, "ज्याला आपन बोलू शकत नाय, त्याला काम देऊ नये." आईला बोललात की मला, ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मला तुमच्या गाडीतून मुरबाडला नेलंत. कंडक्टरच्या सीटशेजारी मला बसवलंत, तिकिटांची पेटी माझ्या मांडीवर दिलीत, आणि डेपोसमोरच्या शिंप्याकडे नेऊन त्याला म्हणालात, पोरीचा हात वर होईल असा शिव. शिंप्याने माप घेतलं. तुम्ही म्हणालात, वर कर हात. मी केला. तुम्ही म्हणालात, अजून. तेवढं एकदाच तुम्ही मला कुठेतरी नेलंत, फक्त माझ्यासाठी.

ते वाक्य मी जन्मभर तुमची शिकवण म्हणून धरलं. पण वाशिंदहून येताना पहिल्यांदा लक्षात आलं, की तुम्ही स्वतः ते पाळलं नव्हतं. आपलं घर काकांनी बांधलं होतं. पुढच्या दाराची चौकट तिरकी बसली होती. दार लागायचंच नाही. रात्री जेवणं झाली की तुम्ही उठायचात, कोपऱ्यातला झिजलेला वरवंटा पायाने सरकवत न्यायचात आणि दाराला लावायचात. आई रोज म्हणायची, "भावानं दार दिलं का वाट दिली!" तुम्ही म्हणायचात, "हवा येते." इतकी वर्षं. काका समोरच्या खळ्यात बसलेले असायचे, त्यांना तो वरवंटा घासल्याचा आवाज जात असणार. तुम्ही त्यांना कधी शब्द बोलला नाहीत. त्यांनीही कधी विचारलं नाही. आणि तुम्ही गेलात तेव्हा कुणाला निरोप पाठवायला लागला नाही. काका आणि दादा आधीच दारात उभे होते.

मग मी काय धरायचं, तुमचं वाक्य की तुमचं दार? दोन महिने मी हे कुणाशी बोलले नाही. वाशिंदच्या माणसाला काम द्यायचं, हे मनात ठरलं होतं. पण म्हटलं, भाऊबीज होऊ दे, मग दादाला सांगू. सणाला वाईट बोलायला नको.

भाऊबीजेला तो आला. नव्या भाताचे पोहे घेऊन आला. मी ओवाळलं. तो जेवला. निघताना मी आत डबा भरत होते, त्याला पुरणाच्या पोळ्या द्यायच्या होत्या. बाहेर आले तर तो चपला घालून उभा आणि त्याच्या हातात नारळ, नारळाला हळदकुंकू, वर सुपारी. तो खुशीत होता. "बाय, तुलशीचं लगीन लागलं का पाया आखतो. तू फिकीर करू नको." मी डबा हातात धरून उभी. तो जिना उतरून गेल्यावर मी आईकडे बघितलं. ती जपमाळ शोधत होती. ती माळ तिच्या गळ्यातच होती.

"आई, काय दिलंस त्याला?"

"नारल-सुपारी दिली. घराची."

"मला न विचारता?"

"तुला इचारलं असतं तर तू हो बोलली असतीस?"

तिला सगळं कळलं होतं, मी श्रावणात कुठे जाऊन आले तेसुद्धा. ती म्हणाली, "तुज्या बापाला पानी त्यानी पाजलं. तू व्हतीस तितं? उद्या मी मेली म्हंजे कोन येनार हाय? तो वाशिंदचा कॉन्ट्रॅक्टर येनार हाय मडकं धरायला?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. आपल्याकडे नारळ-सुपारी गेली की शब्द गेला, हे तुम्हाला मी काय सांगू. लग्नाची असो, वाजंत्र्यांची असो, नाहीतर घराची. ती परत मागणारं माणूस मी आपल्या गावात पाहिलं नाही.

मी पुढच्या रविवारी गेले. खळ्यात भाताची झोडणी चालली होती. दादा खाटेवर बसला होता. वहिनीने चहा दिला. मी उभ्यानेच म्हटलं, कारण बसले असते तर बोलता आलं नसतं. "दादा, घराचं काम मी वाशिंदच्या माणसाला देते आहे."

झोडणाऱ्यांचे हात थांबले. दादा म्हणाला, "सुपारी आयनं दिली."

"आईने दिली. घर मी बांधते आहे."

"जोतं कोनाचं?"

"बाबांचं."

"आनि बाबाला आग कोनी दिली?"

तो उठून उभा राहिला. "माजं काम वंगाल हाय? तसं असंल तर तोंडावर बोल. मी आयकून घेतो." बाबा, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो टोप होता. पण टोपाचं नाव काढलं असतं तर ती मेव्हणी आणि वहिनी, दोघींच्या घरात आग लागली असती. मी म्हटलं, "तुझं काम कसं आहे, हा प्रश्नच नाही. काम बिघडलं तर मी तुला बोलू शकणार नाही, म्हणून तुला देत नाही."

तो हसला, पण वाईट हसला. "म्हंजे परक्याला शिव्या घालाया मिलतील म्हनून काम परक्याला?"

"हो."

"आयकलंस काय गो?" तो वहिनीला म्हणाला. "एवडी शिकली ती हे शिकली." मग माझ्याकडे वळून, "आनि गाडी कुटनं नेशील? इमानातनं?" एक-दोघे हसले. वहिनी हसली नाही. मी कप खाली ठेवला आणि निघाले. एसटी येईपर्यंत फाट्यावर उभी होते.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते नको. वाशिंदचा माणूस फोनवर विचारायचा, "मॅडम, वाट क्लिअर आहे ना? नंतर गाडी अडली तर मला बोलू नका." मी म्हणायचे, आहे. आई माझ्याशी कामापुरतं बोलायची. तुळशीचं लग्न होऊन गेलं. गावातून येणाऱ्या एकीने सांगितलं, जोत्यावर यंदा पेंढा दुप्पट रचलाय. मी पोलिसांत जाणार नव्हते, तहसीलला अर्ज करणार नव्हते. भावाविरुद्ध अर्ज करून बांधलेल्या घरातून आईला सरळ नेऊन काय करायचं? गाडी अडवली असती तर मी घराचा विषय सोडणार होते आणि आईला जिन्यावरून नेणार होते. हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

आज मी गाडीच्या आधी पोचले. खळं झाडून रिकामं केलेलं होतं. जोत्यावर पेंढ्याची काडी नव्हती. सगळी उडवी त्याच्या आंब्याखाली गेली होती. इतक्या वर्षांनी मी आपलं जोतं उघडं बघितलं. दाराच्या जागी जाऊन तो वरवंटा शोधला. सापडला नाही. तेवढ्यात रस्त्यावर गाडी येऊन थांबली आणि ड्रायव्हरने हॉर्न दिला. आजूबाजूच्या बायका दारात आल्या. दादा बनियनवर, खांद्याला टॉवेल, घरातून निघाला आणि सरळ गाडीकडे गेला. मला वाटलं, आता. त्याने गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. "रिवर्स घे. तोंडानं घातलीस तर वलनार नाय." मग तो मागे मागे चालत, हात हलवत, गाडीला आपल्या खळ्यातून घेऊन आला. "येऊ दे, येऊ दे. डावीकडं तुलस हाय, डोले हायत ना? येऊ दे. बस." खडी ओतल्याचा आवाज झाला. धूळ बसली.

गाडी गेल्यावर तो घरात गेला आणि नारळ घेऊन आला. तोच, हळदकुंकवाचा. सुपारी टॉवेलच्या टोकाला बांधलेली होती, ती सोडून त्याने नारळावर ठेवली आणि माझ्या हातात दिली. दोन्ही हातांनी दिली, जसं देतात तसं. म्हणाला, "वाट बंद करनार नाय. काकाची वाट हाय ती." त्याचा काका म्हणजे तुम्ही. मी काहीतरी बोलायला गेले. त्याने ऐकलं नाही. "भाऊबीजेला बोलवू नको आता. आयचं काय झालं तर येईन. ते वेगलं. ते मी काकाला बोललेलो हाय." आणि खाली बघून म्हणाला, "वाशिंदवाल्याला सांग, पूर्वेच्या कोपऱ्यात माती भुसभुशीत हाय. पाया खोल घे." मग आत गेला. वहिनी दारात होती. तिने मला हाताने, जा, अशी खूण केली. ती रागाची नव्हती.

तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं, ते मला माहीत आहे. तो नारळ तुम्ही तिथल्या तिथे परत त्याच्या हातात दिला असता. घराला पुन्हा तिरकी चौकट बसली असती, आणि तुम्ही रात्री उठून काहीतरी सरकवत नेऊन लावलं असतं, आणि म्हणाला असता, हवा येते. मी तो पिशवीत घातला आणि एसटीला उभी राहिले. घर चांगलं होईल असं वाटतं. आई त्यातून सरळ जाईल, आणि मडकं दादाच्याच खांद्यावर असेल. माझ्या वेळी कोण असेल, ते मी आज पहिल्यांदा मनात आणलं आणि लगेच बाजूला ठेवलं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतं आहे, तर एक सांगून ठेवते. त्या दिवशी खळ्यात तो आग, जोतं, सुपारी असं काही न बोलता नुसतं "बाय, मला दे" म्हणाला असता, तर मी काम त्याला दिलं असतं. तो टोप माहीत असूनही दिलं असतं. त्याने ते म्हटलं नाही आणि मी वाचले, असं मला परतीच्या गाडीत वाटत नव्हतं.

आईने आल्या आल्या विचारलं, "गाडी गेली?" मी म्हटलं, गेली. तिने देवाला हात जोडले. "बोलली नव्हती? आपला हाय तो." नारळाचं मी तिला सांगितलं नाही. पिशवी तशीच ओट्याखाली सरकवली, ती झोपल्यावर नारळ बाहेर काढला.

आता ती उठायच्या आत आवरायला हवं. उठून सुपारी पूजेच्या डब्यात टाकली आणि नारळ नळाखाली धरला. हळद गेली, कुंकू शेंडीत बसलंय ते निघत नाही, म्हणून शेंडीच उपटून टाकली. आता तो बाजारातल्या कुठल्याही नारळासारखा दिसतो. उंबऱ्यावर आपटला तर आवाज होईल. विळी मोरीत नेली, दार लोटून घेतलं, तिथेच फोडला. पाणी वाटीत धरलं. खोबरं चांगलं निघालं. मी पाय दुमडून बसले आणि खवायला घेतलं.